सुमीच्या चपला

रस्त्यावर राहिलेल्या मुलींसाठी चालवलेल्या एका निवाऱ्यात मी दर शनिवारी गोष्टी वाचून दाखवायला जाते. दाराशी चपलांचा रॅक आहे. सगळ्या मुली तिथे चपला काढतात. नऊ वर्षांची सुमी मात्र महिनाभर चपला मांडीखाली घेऊनच बसायची.

एका शनिवारी ती पाणी प्यायला उठली आणि मला नसती टापटीप सुचली. मी तिच्या चपला उचलून रॅकवर ठेवल्या. परत आल्यावर तिनं रिकामी सतरंजी पाहिली. ओरडली नाही, रडली नाही. भिंतीला पाठ घासत दाराकडे सरकू लागली. मी दार लावायला उठणार, तोच तिथल्या मावशींनी माझा हात घट्ट धरला.

"लावू नका, ताई. लावलंत तर आज थांबेल, पण संधी मिळाली की कायमची जाईल."

सुमीनं चपला घातल्या आणि उंबऱ्यावर उभी राहिली. समोर वाहता रस्ता. या मुलींना घर द्यायचं, असं आपण किती सहज म्हणतो! जिला झोपेतून उठून कितीदा पळावं लागलं असेल, तिच्या लेखी हाताशी असलेल्या चपला हेच घर. तेच मी न विचारता उचललं होतं.

ती वळली. चपला मांडीखाली घेऊन बसली. "वाचा की पुढं," म्हणाली.

परवा तिच्या चपला पहिल्यांदाच रॅकवर दिसल्या. बाकी सगळ्या चपलांची तोंडं भिंतीकडे, तिच्या चपलांची तेवढी रस्त्याकडे. सरळ करायला मी वाकले, आणि हात मागे घेतला.