बारा कंप्युटरांची उगवण

चाकूरच्या मुलींच्या शाळेत भुजंगमामा शिपाई म्हणून लागले आणि कागदावर शेवटपर्यंत शिपाईच राहिले. कंप्युटर शिकवायला नेमलेले सर मात्र वर्षभरात लातूरला निघून गेले. दुसरं कुणी आलं नाही. मामा तोवर मुलींच्या मागं उभं राहून राहून सगळं शिकले होते. मग अकरा वर्षं ती खोली त्यांनीच चालवली. आवारात पोरींवर ओरडणारा माणूस, पण त्या खोलीत शिरला की आवाज खाली यायचा.

मी त्याच शाळेत शिकवायचे आणि त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचे. आता मला नांदेडला येऊन सात वर्षं झाली, पण उन्हाळा लागला की त्यांचं अंगण आठवतं. बाजेवर वाळत घातलेल्या त्यांच्या बायकोच्या, नागुबाईंच्या, कुरडया, आणि त्या कावळ्यांपासून राखता राखता शाळेतलं सांगत बसलेले मामा.

एका वर्षी मे महिन्यात मुख्याध्यापक वीरण्णा सरांनी बारा कंप्युटर भंगाराच्या यादीत घातले. जुने झाले होते, नवी विंडोज त्यांना पेलत नव्हती. नवे येतील तेव्हा येतील.

"तोवर खोलीत पोषण आहाराचा तांदूळ ठेवू," सर म्हणाले. "आणि तुम्ही घंटेवर या."

घंटेचं मामांना काही वाटलं नाही. पण आमच्या बहुतेक मुलींनी कंप्युटर पाहिला होता तो त्याच खोलीत, आणि खोली बंद म्हणजे तासही बंद.

मामा नुकतेच नांदेडला एका प्रशिक्षणाला जाऊन आले होते. होतं ते शिक्षकांसाठी. सुट्टीत जायला कुणी तयार नव्हतं म्हणून मामांना पाठवलेलं. येताना त्यांनी लिनक्सची सीडी आणली. विंडोजच्या जागी घालता येतं, फुकट असतं, जुन्या कंप्युटरवरही चालतं, असं तिथं ऐकलं होतं. पण यादीत गेलेल्या वस्तूला हात लावायची परवानगी नव्हती. उरला कार्यालयातला एकुलता एक नवा कंप्युटर, आणि त्यात दहावीची सगळी कागदपत्रं.

मामांनी त्यावरही तोड काढली.

"बाई, कंप्युटरच्या पोटात दुसरा कंप्युटर करायचा," अंगणात ते मला समजावून सांगत होते. "लिनक्स त्याच्यात टाकायचं. आतल्याचं कायबी होऊ द्या, भायेरच्याला धक्का न्हाई. नको झाला की पुसून टाकायचा."

नागुबाई भाकरी थापत होत्या. "म्हंजे गाभण हाय म्हणा की तुमचा कंप्युटर."

"गाभण न्हाई. तो खोटा कंप्युटर असतोय, चाचणीपुरता."

"खोटा हाय तर मग खऱ्या भाकरीची सुद न्हाई कामून तुम्हाला? दोन डाव थंड झाली."

दुसऱ्या दिवशी सरांना शेजारी बसवून मामांनी काम सुरू केलं. नांदेडला लिहून घेतलेली वही मांडीवर. आतल्या कंप्युटरला नाव काय, डिस्क केवढी, मेमरी किती, असं एकेक विचारलं जात होतं. नव्या कंप्युटरची मेमरी चार जीबी; मामांनी मोकळ्या हातानं दोन जीबी आतल्याला दिले. पडद्यावरच्या चौकटीत अर्धा तास ओळी पळत राहिल्या आणि मग लिनक्स उभं राहिलं. सरांनी त्यात स्वतःचं नाव टाइप करून पाहिलं, चौकट बंद केली, दहावीची कागदपत्रं जागच्या जागी आहेत हेही पाहिलं.

"चालतंय की हो! भंगारवाल्याला थांब म्हणून सांगतो."

मामा भजी घेऊन घरी आले.

संध्याकाळी नागुबाई सोयाबीनचं बियाणं तपासायला बसल्या. ओलं गोणपाट पसरायचं, त्यावर दहा-दहा बियांच्या दहा ओळी मांडायच्या, गुंडाळून सावलीत ठेवायचं आणि पाच-सहा दिवसांनी किती उगवलं ते मोजायचं. आमच्याकडं घरोघर करतात. मामा खुशीत होते, तेही मांडू लागले. नागुबाईंनी एकदम त्यांचा हात धरला.

"अवं, टपोरं टपोरं काय निवडून राहिलात? पोत्यात हात घालायचा अन् यील ते मांडायचं. निवडलेलं समदंच उगवतंय. शेतात काय निवडून पेरणार हाव का?"

मामांनी हातातलं बी परत पोत्यात टाकलं. ते म्हणाले, "बाई, मी बी निवडूनच टाकलं."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. आतल्या कंप्युटरला त्यांनी दोन जीबी दिले होते. खोलीतल्या जुन्या कंप्युटरांकडं जेमतेम अर्धा जीबी.

सकाळी जाऊन त्यांनी आतल्याला अर्धाच जीबी दिला. तासभर चौकट काळीच. मग चित्र अर्धंमुर्धं आलं आणि तिथंच अडकलं.

मी म्हटलं, "मामा, सर हो म्हणालेत. आता कशाला बोलता? पुढचं पुढं बघू."

"पेरल्यावर बगायचं? न्हाई बाई."

ते सरांसमोर उभे राहिले. सर भडकले. "काल चालत होतं, आज चालत नाही. पोरखेळ आहे का?"

"काल माझ्या हातून लबाडी झाली, सर. कळून न्हाई, पण झाली."

सरांनी भंगाराची यादी पुढ्यात ओढली. मग म्हणाले, "आठ दिवस. त्यानंतर टेम्पो येणार."

मामांनी नांदेडच्या प्रशिक्षकांना फोन लावला. याहून हलकं लिनक्स मिळतं असं कळल्यावर एसटीनं जाऊन ते पेनड्राइव्हवर घेऊन आले. अर्ध्या जीबीत ते हळूहळू का होईना, उभं राहिलं. दिसायला ओकंबोकं, पण टाइप होत होतं. मामांनी ते तीनदा पुसून तीनदा टाकलं, मग सरांना बोलावलं. सरांनी खोलीतल्या खऱ्या कंप्युटरांना हात लावायची परवानगी दिली.

बारांतले आठ चालू झाले. चारांच्या डिस्कच मेलेल्या होत्या. पोटातल्या कंप्युटरला ते कुठून कळणार? मामांनी स्वतःच यादीवरचे आठ आकडे खोडायला लावले आणि चार ठेवले.

टेम्पो घेऊन भंगारवाले महेबूबभाई आले तेव्हा मामा ते चार ओल्या फडक्यानं पुसत बसले होते. कळफलकातली धूळ काडीनं काढून झाली होती.

"काय मामा, भंगार हाय का पोरगी सासरी धाडून राहिले?"

"दोन्ही हाय. आडवं टाकू नको."

"न्हाई टाकत. तुम्ही मांडीवर घेऊन बसता का टेम्पोत?"

मामा हसले. पण महेबूबभाईंनी खरंच मधे गोणपाटं घातली, आणि टेम्पो वळेपर्यंत मामा फाटकात उभे राहिले. मग खोलीत जाऊन टेबलं सरकवू लागले, चारांच्या रिकाम्या जागा दिसू नयेत म्हणून. एक टोक मी धरलं.

"मामा, सरकवलं तरी पोरी मोजतीलच."

"मोजू द्या," ते म्हणाले. "आधी चालू करून बगतील. मोजायचं मागून आठवंल."