गाय भाकड नव्हती

मॅडमच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की आधी तुमची मान धरली जायची. अक्षरशः. दोन बोटांनी मानगूट पकडून त्या तुमचा डोळा सूक्ष्मदर्शकाच्या नळीवर टेकवायच्या आणि म्हणायच्या, "आधी पाह्य, मंग बोल." विद्यार्थी असो, मोठे साहेब असोत, की चहावाला. एकदा विम्याचा एजंट आला होता. पॉलिसी राहिली बाजूला, बिचारा शेळीच्या पोटातले जंत पाहून परतला आणि दारात मला म्हणाला, "साहेब, यांले विम्याची गरज नाही. यांच्यापासून दुसऱ्यायले हाय."

अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. नसतील तर तुमची कीव येते.

नागपुरातल्या आमच्या पशुसंशोधन केंद्रात एकच लांब व्हरांडा. डावीकडे प्रजनन विभाग, म्हणजे आम्ही. वातानुकूलित खोल्या, गोठवलेलं वीर्य, पाहुण्यांसाठी काजू. उजवीकडे परजीवी विभाग, म्हणजे मॅडम आणि शेण. आमचे विभागप्रमुख म्हणायचे, "गर्भाचं ते आमचं, शेणाचं ते तुमचं." मॅडम हे ऐकून घ्यायच्या आणि काजू खायला डावीकडे यायच्या.

सगळ्यांनी पांढरे ॲप्रन घालायचे असा नियम होता. मॅडमनी गांधीबागेच्या बाजारातून मोठ्या लाल फुलांच्या कापडाचं अख्खं थान आणलं आणि त्याचे ॲप्रन शिवले. साहेबांनी विचारलं, तर म्हणाल्या, "पांढऱ्यावर शेन दिसते. फुलावर दिसत नाही. शेनात हात तुम्ही घालता का मी?" नियम तसाच राहिला, फुलंही तशीच राहिली.

एके दिवशी कन्हान नदीपलीकडच्या एका गावातून सिंधू नावाची बाई आली. आली होती आमच्याकडे, पण आमचे साहेब बैठकीत होते, म्हणून मॅडमनी तिला व्हरांड्यातच गाठलं.

"मॅडम, माही गाय सांडाकडं नेली का पुन्हा उलटते," सिंधू म्हणाली. उलटते म्हणजे गाभण न राहता परत माजावर येते. "आमचे हे म्हन्ते भाकड हाय, बाजारात नेतो. माहेरून कालवड म्हनून आनली होती वं मी. तिच्या दुधावरच माह्या घरात माहं काही चालते. अन् गावातल्या समद्याच गायी एकाच वर्षात कशा भाकड झाल्या?"

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "डॉक्टर, गायी तं तुम्ही लोकं तपासता. सांडाले कोनी तपासलं का?"

मी म्हणालो, "मॅडम, सांड तर धडधाकट असेल."

"धडधाकटच असते तो. चला, गाडी काढा."

सांड खरोखर देखणा होता. गावातल्या बड्या असामीनं, सगळे ज्याला नुसतं मालक म्हणत, आपल्या वडिलांच्या नावानं तो गावाला दान दिला होता. चौकात त्याबद्दल संगमरवरी पाटी होती. सांडाच्या गळ्यात घुंगरं, कपाळाला गुलाल. अशा सांडाच्या बेंबीखालच्या चामडी खोळीत मिठाचं कोमट पाणी सोडून, खोळ बाहेरून चोळून, तेच पाणी तपासायला परत काढायचं असतं. हे काम एक बाई, फुलाफुलांच्या ॲप्रनमध्ये, भर चौकात करणार म्हटल्यावर अख्खं गाव जमलं.

मालक म्हणाला, "माह्या वडिलांच्या नावाचा सांड हाय. हात नाही लावू देनार."

"वडिलांच्या नावाले नाही लावत," मॅडम म्हणाल्या, "सांडाले लावतो." आणि खाली बसल्या. सांडानं एकदा वळून पाहिलं. मला वाटलं, आता यांची आणि आमची तिरडी एकत्रच उठते. पण जनावरालाही माणूस कळतो, बहुतेक. त्यानं पाय झाडला नाही.

मॅडमनी काचेवर थेंब घेतला, पाहिला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. काहीच नाही. गावात हसण्याची लाट उठली. मालक म्हणाला, "झालं समाधान? चला, आता गायीले बाजार दाखवा." सिंधूचा नवरा समोरच्या आपल्या अंगणात जाऊन गायीचं दावं सोडायला लागला. भाकड गाय बाजारातून पुढे कुठे जाते, हे आमच्याकडे कोणी विचारत नाही.

मॅडमनी जाऊन दाव्यावर पाय ठेवला. "बाजार पुढच्या आठवड्यातबी भरते. मी परत येऊन राहिली. तवरोक ही गाय माह्या जिम्म्यावर."

उरलेलं पाणी त्यांनी खाद्यरस भरलेल्या काचेच्या नळ्यांत टाकलं होतं. जीव थोडे असले तर काचेवर सापडत नाहीत, पण उबेत ठेवले की वाढतात. ऊब देणारी पेटी आमच्या विभागात. साहेब म्हणाले, "तुमचे किडे माझ्या पेटीत? अजिबात नाही." मॅडमनी वाद घातला नाही. नळ्या फडक्यात गुंडाळून पोलक्यात खोचल्या आणि कामाला लागल्या. तशाच व्याख्यान द्यायच्या, तशाच स्कूटरवरून प्रतापनगरच्या घरी जायच्या. झोपायच्या कशा, हे विचारायची कोणाची टाप नव्हती.

पुढच्या बाजाराच्या सकाळी आम्ही पुन्हा त्याच चौकात. गावात वीज गेलेली. मॅडमनी जुना आरशाचा सूक्ष्मदर्शक ओट्यावर मांडला, आरशात ऊन पकडलं आणि पहिली मान धरली ती सिंधूची.

"अव्वो माय!" सिंधू किंचाळली. "हे तं वरातीत नाचून राहिले!"

नाचतच होते. ओघळल्या थेंबाच्या आकाराचे, झटके देत गिरक्या घेणारे. मॅडमनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. हा जीव सांडाच्या खोळीत आयुष्यभर राहतो आणि सांडाला काहीच होत नाही, तो खातो, पितो, मिरवतो. त्याच्याकडे गाय नेली की जीव गायीच्या पोटात जातो आणि इवलासा गर्भ कोणाला कळायच्या आत मरतो. गाय परत माजावर येते आणि नाव तिचं खराब होतं.

"गायीले काही महिने सांड दाखवू नका, ती आपोआप बरी होते. मंग आमचे डॉक्टर येऊन रेतन करतीन. सांडाचा मात्र बैल करा."

सिंधूच्या नवऱ्यानं बराच वेळ नळीला डोळा लावला. मग गेला आणि बाजारासाठी सोडलेली गाय खुंट्याला परत बांधली.

मालक जवळ आलाच नाही. "मले ते बारीक काही दिसत नाही," म्हणाला.

"म्हनून तं यंत्र आनलं," मॅडम म्हणाल्या. बायका पदराआड फिसफिस हसल्या. त्यातली एक, बहुधा स्वतःशीच, बोलली, "आमच्याकडं बी तपासनी बाईचीच होते." मॅडमनी तिची मान धरली नाही. आपलं स्टूल तिच्याकडे सरकवलं आणि तिला निवांत पाहू दिलं.

सांड गावाचा होता; गावानं हो म्हटलं आणि त्याला खच्ची करून मी त्याचा बैल केला. मालकाचे हात कुठवर पोचले ते ठाऊक नाही, पण उन्हाळ्यात मॅडमची बदली जंगलाकडच्या एका केंद्रावर झाली. आम्ही म्हटलं, एकदा मालकाला भेटा, दोन गोड शब्द बोला, माफी मागा.

"माफी कोनाची? सांडाची का त्याच्या किड्यायची?" सूक्ष्मदर्शक मांडीवर घेऊन त्या बसमध्ये बसल्या. खिडकीतून हात हलवायच्या ऐवजी कंडक्टरशी भांडत होत्या, कारण त्यानं पेटी टपावर टाका म्हटलं होतं. बस वळेपर्यंत त्यांचा आवाज येत होता.

पोळ्याच्या सकाळी मी सिंधूच्या गोठ्यात होतो. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून गाय तपासली आणि म्हणालो, "गाभण आहे." सिंधूनं गायीच्या मानेला मिठी मारली. संध्याकाळी पोळा भरला. आमचा बैलही, म्हणजे तो पूर्वीचा सांड, रांगेत होता, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, चेहऱ्यावर कसलीही तक्रार नाही. तोरणाखाली बैल उभे राहिले की आमच्याकडे झडत्या होतात. मोठ्या माणसांची टर उडवणारी चार कडवट-गोड ओळींची गाणी ती. त्या दिवशी कोणी रागवायचं नसतं. झडत्या पुरुष म्हणतात. सिंधू पुढे आली.

"बायकायनं झडती म्हनू नये," एक म्हातारा म्हणाला.

"काहून? गाय माही हाय." आणि तिनं आवाज लावला:

"मालकानं देल्ला सांड, वाजवला डंका,
गायीले म्हने भाकड, सांडावर नाही शंका!
मॅडमनं काचेवर दाखवली खोट,
गायीच्या पोटात वासरू, मालकाचं दुखते पोट!
हर बोला हर हर महादेव!"

सगळा पोळा गरजला. मी आधीच मॅडमना फोन लावून हात उंच धरला होता. गलका ओसरल्यावर कानाला लावला.

"डॉक्टर," पलीकडून मॅडमचा आवाज आला, "मालक कुठं उभा हाय?"

"पार पलीकडे. तोरणाच्या दुसऱ्या टोकाला."

"मंग त्याले नीट आयकू नसन आलं. तिले म्हना, जवळ जाऊन पुन्हा म्हन."

मी सांगितलं. सिंधूनं पदर कमरेला खोचला आणि बैलांच्या रांगेसमोरून सरळ चालत निघाली.