सोळा आणि अठराच्या मध्ये

समुपदेशक म्हणून बऱ्हाणपूरच्या आसपासच्या शाळांत मी जायला लागले, तेव्हा पोरं मला ‘पागलवाली मॅडम’ म्हणायची. माझ्याकडे पाठवलं म्हणजे डोक्यात काहीतरी बिघडलंय, असा त्यांचा समज. शाळाही मला बसायला द्यायची ती खेळाच्या सामानाची खोली. फुटके कॅरमबोर्ड आणि हवा गेलेले व्हॉलीबॉल सोबतीला. मला त्याचं फारसं वाटत नसे. वडील कागद कारखान्यात कामाला, त्यामुळे मी कारखान्याच्या कॉलनीत वाढले. घरात मराठी, गल्लीत हिंदी. पोरं कुठल्याही बोलीत सुरू झाली तरी मला कळायचं, आणि सुरुवातीला माझी जमेची बाजू तेवढीच होती.

बहादरपूरच्या पुढच्या एका गावातून मुख्याध्यापकांचा फोन आला. “मॅडम, आठवीच्या पोरी शाळेत यायला घाबरतायत. एका पालकानं तर वर्गाच्या चौकटीला लिंबू-मिरची बांधून टाकलीय.”

काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, “फोनवर नको.”

शाळेच्या भिंतीला लागूनच केळीची बाग होती. आठवीच्या वर्गाची मागची खिडकी थेट बागेत उघडायची. पान वाऱ्यानं चिरलं की त्याचा आवाज कुणी कोरं कापड फाडतंय तसा यायचा. वर्गशिक्षिका मला रिकाम्या वर्गात घेऊन गेल्या, दार लोटलं आणि मग बोलल्या.

इकडे नवा वर्ग एप्रिलमध्येच सुरू होतो; त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्गातली एक मुलगी गेली होती. बागेत बापाबरोबर वाळलेली पानं गोळा करताना साप चावला. शाळा उघडली तेव्हा वर्गाला कुणी काही सांगितलं नाही. बाकीच्या पोरी घाबरतील म्हणून वरून बजावलं होतं, नाव काढायचं नाही. पहिल्या दिवशी हजेरी घेताना बाईंनी सवयीनं तिचा नंबर पुकारला, सत्रह. आणि उत्तर आलं, “यस मॅडम.”

“कुणीतरी चेष्टा केली असेल,” मी म्हटलं.

“मलाही तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी मी तो नंबर घेतलाच नाही. सोलह म्हटलं आणि सरळ अठारह. मध्ये जेवढा श्वास घेतला ना, तेवढ्यात आलं.” बाई खिडकीकडे बघत राहिल्या. “आवाज तिचाच आहे हो. मी शिकवलंय तिला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्गात मागे जाऊन बसले. पोरी पाठ ताठ करून बसल्या होत्या. हजेरी सुरू झाली. सोलहपर्यंत बाईंचा आवाज नीट होता. मग त्या थांबल्या, आणि त्या थांबण्यात कुणीतरी घाईनं, जरा नाकातून म्हणालं, “यस मॅडम.”

एकही ओठ हललेला मला दिसला नाही. एकही मान वळली नाही. एरवी वर्गात असं काही झालं तर पोरी एकमेकींना कोपरानं ढोसतात, फिदीफिदी हसतात. इथं नुसत्या समोर बघत होत्या. बाई पुढे अठारह म्हणाल्या, त्या मुलीनं ओ दिली, हजेरी संपली.

माझा संशय अर्थातच त्या गेलेल्या मुलीच्या मैत्रिणीवर गेला. खिडकीजवळच्या बाकावर दोघी शेजारी बसायच्या. आता ही एकटी बसते आणि अर्धा बाक मोकळा सोडते. तिला मी माझ्या खोलीत बोलावलं. बराच वेळ ती व्हॉलीबॉलची शिवण नखानं उसवत बसली.

“मी नाही बोलत मॅडम,” शेवटी ती म्हणाली. “वो खुद बोलती है. मी तर ओढणी दातात धरून बसते, हे बघा.” ओढणीचं टोक चावून चावून चिंधीसारखं झालेलं होतं.

“भीती वाटते?”

“नाही. ती आली की बरं वाटतं. पण घरी सांगितलं तर मला भगताकडे नेतील.”

मला वाटलं, उलगडा झाला. दुःख गिळून बसलेलं पोर स्वतःच्याही नकळत असं बोलू शकतं, हे मी शिकले होते. म्हणून पुढच्या दिवशी हजेरीच्या वेळी मी तिला वर्गाबाहेर व्हरांड्यात माझ्याजवळ उभं केलं. आतून नंबर ऐकू येत होते. सोलह. मग ती थांबण्याची जागा. आणि मग आतून, स्पष्ट, “यस मॅडम.”

पोरगी माझ्या शेजारी होती. तोंड मिटलेलं. तिनं माझ्याकडे मान वर करून पाहिलं आणि हसली. “ऐकलं ना तुम्ही?”

तिची नजर चुकवून मी व्हरांड्याच्या टोकाकडे पाहिलं, तर केळीच्या खांबांमध्ये हिरव्या लुगड्यातली एक बाई उभी होती. न हलता. कान वर्गाकडे लावलेला. मी पाहतेय हे लक्षात येताच ती मागे सरली आणि पानांत मिसळून गेली. त्या दुपारी स्कूटरवरून घरी परतताना बागांमधल्या रस्त्यावर मी डावीकडे-उजवीकडे पाहिलं नाही. शिकलेलं सगळं त्या वेळी कुठे गेलं होतं, कोण जाणे.

ती बाई कोण, हे मैत्रिणीनंच सांगितलं. “तिची आई आहे. रोज येते. गावात सगळ्यांना माहीत झालंय ना, आवाज येतो म्हणून.”

मग मी मुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, या पोरींशी मला तिच्याबद्दल बोलायचंय, नाव घेऊन. ते बराच वेळ नाही म्हणत राहिले. “आणखी वाढेल मॅडम.” मी म्हटलं, “याच्यापेक्षा काय वाढणार आहे, सर?”

बाक बाजूला सारून आम्ही सगळ्या जमिनीवर गोल बसलो, बाईही बसल्या. मी एवढंच विचारलं, ती कशी होती? बाहेर केळीची पानं फाटत राहिली. मग एकीनं सांगितलं, ती नंबर पूर्ण व्हायच्या आत ओ द्यायची, गैरहजेरी लागेल म्हणून धसका घ्यायची. दुसरी म्हणाली, तिला चिंचा लागायच्या, मिठाशिवाय खायची. मग एकदम सगळ्याच बोलायला लागल्या. आणि त्या गलक्यातच मागे बसलेली एक पोरगी हळूच म्हणाली, “मॅडम, एकदा माझ्या तोंडातून निघालं. मी ठरवलं नव्हतं. मॅडम थांबल्या आणि निघून गेलं.”

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

“माझ्यापण,” दुसरी म्हणाली. मग आणखी एक. कुणीही कुणाला सांगितलेलं नव्हतं. प्रत्येकीला वाटत होतं, आपल्याच अंगात काहीतरी शिरलंय. मैत्रीण हे ऐकून मोठ्यानं रडायला लागली. तिला वाटत होतं, गेलेली ती फक्त आपल्यासाठीच येते. बाईंनी तिला जवळ घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “एक दिवस मलाही कळलं नाही, मी बोलले की काय.”

व्हरांड्यातल्या त्या दिवशी कोण बोललं, हे मात्र कुणीच सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं आणि मग सोडून दिलं.

पुढचे काही आठवडे आम्ही तशाच गोल बसत राहिलो. आवाज आधी एक दिवसाआड झाला, मग थांबला. लिंबू-मिरची वाळून गळून पडली, पोरी यायला लागल्या. मुख्याध्यापक खूश होते. अहवालात काय लिहायचं ते त्यांनी मलाच विचारलं.

आई मात्र येतच राहिली. मीच एकदा बागेत शिरून तिच्याजवळ गेले.

“आता नही येत का?” तिनं विचारलं.

“नाही येत, ताई. पोरींना बरं वाटतंय आता.”

“तोंड कोनं व्हतं, माले माहीत नही,” ती म्हणाली. “आवाज तिनाच व्हता.” मग म्हणाली, “तुम्ही बंद कराले नको व्हतं.”

माझं काम विद्यार्थ्यांपुरतं, पालकांचा त्यात उल्लेख कुठे कुठे येतो तेवढाच. पण मी तिला म्हटलं, माझा या शाळेचा वार असतो, त्या दिवशी आत या, पाणी प्या. ती लगेच आली नाही. दिवाळीची सुट्टी संपल्यावर एका सकाळी सामानाच्या खोलीच्या दारात उभी दिसली. मी खुर्ची पुढे केली, पण ती खाली, भिंतीला टेकून बसली. मीही खाली बसले. पोरीला चिंचा कुठल्या झाडाच्या आवडायच्या, इथपासून तिनं सुरुवात केली, आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी ती बोलतच होती.