आहार होईपर्यंत

दुसरं महायुद्ध संपून थोडेच दिवस झाले होते. आईचं डोकं सकाळी उठल्या उठल्या ठणकायचं, म्हणून मी तिला सांगलीला घेऊन गेलो. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, पाऱ्याकडे पाहिलं आणि पट्टा पुन्हा फुगवला.

"रक्ताचा दाब फार आहे," ते म्हणाले. "काही डॉक्टर म्हणतील, त्रास वाढेपर्यंत थांबा. मी म्हणेन, आजच सुरू करा." सर्पगंधेच्या गोळ्या, अळणी जेवण आणि विश्रांती, त्या काळी एवढंच त्यांच्या हातात होतं.

आईनं विचारलं, "गोळ्या कशाच्या हायेत?"

"एका मुळाच्या."

झालं! आम्ही जैन. जमिनीखालचं कंदमूळ आमच्या घरात येत नाही. तिनं बाटली माझ्या हातात कोंबली आणि पदर सावरून चालू लागली. गाडीत मी वाटभर तिच्याशी वाद घालत होतो. ओलं आलं चालत नाही, पण सुंठ चालते ना? मग हे वाळलेलं मूळ का चालू नये? ती कडेच्या उसाकडे बघत बसली.

पुढचे दिवस मी नुसता भिरभिरत होतो. उसाला पाणी पाजायला गेलो तरी जीव घराकडे. ती वाकली की दचकायचो, भांड्यांचा आवाज थांबला की स्वयंपाकघरात डोकावायचो. "पोलीस आलं बघा," म्हणून ती हसायची. मला संताप यायचा. शेवटी एका दुपारी मी बाटली तिच्यापुढं आदळली.

"सुंठीचं मला शिकवतोस व्हय रं?" ती म्हणाली. "मुळाचं काय न्हाई. चातुर्मासाला महाराज येणार हायेत. आजारी बाईच्या हातचा आहार त्यास्नी चालत न्हाई. गोळी खाल्ली म्हंजे मी आजारी. एकदा माझ्या हातनं आहार होऊ दे, मग तू म्हणशील ते खाते."

"आणि गोळी नाही खाल्ली तर आजारी नाहीस?"

"न्हाई."

"महाराजांनाच विचारतो मग."

"इच्यारलंस की मला दारात उभंच ऱ्हाता यायचं न्हाई."

आता याला काय म्हणावं! आमचे मुनी दिवसातून एकदाच जेवतात, उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत. कुणाच्या दारी थांबतील ते आधी कुणालाच ठाऊक नसतं. लग्न होऊन आल्यापासून आई दर वेळी कलश घेऊन दारात उभी राहायची आणि महाराज पुढं निघून जायचे. हे मला माहीत होतं, म्हणूनच मी बाटली उचलून फळीवर ठेवली. भीती मात्र गेली नाही.

पावसाळ्यात महाराज आले. आई रोज सकाळी दारात उभी राहू लागली आणि मी तिच्या मागं. एके दिवशी ते खरोखरच आमच्या उंबऱ्यापाशी थांबले. आईला इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं. तिनं त्यांच्या ओंजळीत कोमट पाणी घातलं, भाताचे घास ठेवले. त्या घटकेपुरता मीही निर्धास्त झालो.

पुन्हा पाणी द्यायला तिनं तांब्या उचलला आणि तिचा उजवा हात मध्येच लुळा पडला. डाव्यानं सावरायला गेली, तोवर तांब्या फरशीवर आदळला. पाठोपाठ ती खाली बसली. वाढणाऱ्याच्या हातून भांडं पडलं की आहारात अंतराय होतो. मग मुनींना दुसऱ्या दिवसापर्यंत पाणीसुद्धा वर्ज्य. महाराजांनी ओंजळ सोडली. आईकडे क्षणभर पाहिलं आणि ते निघून गेले.

दुपारी डॉक्टर आले. मी गोळी पुढं केली तेव्हा ती नको म्हणेल असं वाटलं होतं, पण तिनं मुकाट्यानं तोंड उघडलं. तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं. हाताचं तिनं डॉक्टरांना काहीच विचारलं नाही.

"महाराज उपाशी गेलं रं," अडखळत, पुन्हा पुन्हा, ती मला एवढंच सांगत होती.