गरुडातला तारा, अण्णांचा आकडा

अक्कांचा फोन आला तेव्हा मी इंदिरानगरच्या ऑफिसात होतो. "अण्णा गेले रे," एवढंच म्हणाल्या. त्याला आता महिना होत आला. अण्णा आठवले की रडू येण्याआधी राग येतो, आणि तो लपवावा असं मला वाटत नाही.

गोविंदअण्णा आणि त्यांच्या पत्नी अक्का यशवंतपूरचे, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत मुरलेले मराठी. मी पुण्याहून आलेला. एका आकाशदर्शनात ओळख झाली आणि त्यांनी मला आपल्या गच्चीवर नेऊन गरुड नक्षत्रातल्या एका ताऱ्याच्या नादी लावलं. हा तारा साधारण आठवड्याभरात मंदावतो आणि पुन्हा उजळतो. अशा ताऱ्यांचा फेरा जितका लांब, तितका तारा मुळातच तेजस्वी. म्हणजे फेरा मोजला की खरं तेज कळतं, आणि ते इथून किती फिकं दिसतं त्यावरून अंतर काढता येतं. पुस्तकात हे सगळं छापलेलं आहेच, पण आपल्या डोळ्यांनी मोजायचं हा अण्णांचा हट्ट. संध्याकाळी एकच दुर्बीण आळीपाळीने लावायची, शेजारच्या स्थिर तेजाच्या ताऱ्यांशी तेज ताडून पाहायचं, आपापला आकडा सांगायचा आणि सरासरी धरायची. दोन वर्षं आम्ही हे केलं.

माझा आकडा वेगळा आला की ते म्हणायचे, "डोळा स्वल्प कच्चा आहे रे तुझा. परत बघ." मी परत बघायचो, आणि हळूहळू मला त्यांचाच आकडा दिसू लागायचा... शेवटी आमचं अंतर पुस्तकातल्या अंतराशी जवळजवळ जुळलं. अक्कांनी केसरीभात केला. मी आईला फोन करून सांगितलं, मी ताऱ्याचं अंतर मोजलं.

तेराव्यानंतर भेटायला गेलो तेव्हा अक्का बोलून गेल्या, "तारे कुठले दिसायचे त्यांना? दोन वर्षं झाली, काचबिंदू होता."

"मग आकडे?"

"पुस्तकातून पाठ. तू यायच्या आधी बोटांवर दिवस मोजत बसायचे, आज तारा किती उजळला असेल म्हणून. तुला कळलं तर तू यायचं बंद करशील, अशी भीती. सांगू नको म्हणाले. मी सरी, बरं म्हटलं."

याला केसाने गळा कापणं म्हणतात. मी येणं बंद केलं नसतं, दोघांच्या वाटचं एकट्याने पाहिलं असतं. चुकलं असतं तर चुकलं असतं, पण ते अंतर माझं असतं. त्यांच्यासाठी मी माझाच डोळा खोटा ठरवत राहिलो.

अक्कांनी दुर्बीण मला दिली. अण्णांचा चष्मा जाड, तो काढून ते दुर्बिणीला डोळा लावायचे; मला चष्मा नाही. अशा दोघांनी एकच दुर्बीण वापरली तर प्रत्येकाला फोकसची कडी आपल्या डोळ्याप्रमाणे फिरवावी लागते. काल दुर्बीण लावली, तर तारा लगेच स्पष्ट दिसला. त्या दोन वर्षांत मला ती कडी एकदाही फिरवावी लागली नव्हती. आमची नजर जुळलीय, असं मी समजत होतो.