वजा चाळीस आणि सुभेदारमामा

कोणतंही यंत्र बिघडलं की सुभेदारमामा आधी त्याचा अपमान करत. मिक्सर अडला तर त्याच्याकडे रोखून बघत म्हणायचे, "लाज न्हाई वाटत? कालपातूर चालत व्हतास की!" आणि मग पाना-पकड काढायचे. सैन्यात त्यांनी आयुष्यभर गाड्या चालवल्या, दुरुस्त केल्या. निवृत्त झाले ते हवालदार म्हणून. पुढची बढती त्यांना साताऱ्यातल्या आमच्या गल्लीने दिली आणि ती त्यांनी विनातक्रार स्वीकारली. माझ्या आईचे ते धाकटे भाऊ, मूळचे दुष्काळी माण तालुक्यातले. तिकडची माणसं पाणी जपून वापरतात, तशी ते कबुली जपून वापरत. स्वतःचं चुकल्याची कबुली तर मी कधी ऐकलीच नाही.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "दुखतंय तिथं हात घालायचा न्हाई. दुखणं कुठनं आलं ते बघायचं." ऐकायला फार बरं वाटतं. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की बिघडलेली वस्तू सोडून बाकी सगळं उघडलं जायचं. माझ्या घरचा पंखा करकरत होता, तेव्हा मामांनी आधी भिंतीतलं बटण काढलं, मग सगळा बोर्ड, मग शेजारच्या खोलीतला दिवा. आम्ही कंदील लावून जेवलो. पंख्याची सैल झालेली पाती शेवटी मीच आवळली. "आता कसा गप बसला!" असं म्हणत श्रेय मात्र त्यांनी घेतलं.

मामींच्या छातीत गाठ निघाली आणि दर तीन आठवड्यांनी मिरजेच्या दवाखान्यात जाणं सुरू झालं. मामांनी कामं वाटून दिली. "डॉक्टरशी इंग्रजी तू बोल. गाडीशी मी बोलतो." मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणारा माणूस, मला गाडी चालवायची हौस नव्हती. मी पुढे त्यांच्या शेजारी बसायचो, मामी मागच्या सीटवर आडव्या. जाताना ठीक असायचं. येताना औषध अंगात भिनलेलं असे. जरा उकडलं की त्यांना मळमळायचं, आणि मग कराडपर्यंतचा रस्ता संपता संपत नसे. गाडीतला एसी हाच काय तो त्यांना आधार.

तो एसी ऐन वैशाखात बंद पडला. मिरजेतून बाहेर पडत होतो. बाहेर डांबर पाघळत होतं आणि समोरच्या पडद्यावर बाहेरचं तापमान आलं होतं, वजा चाळीस.

मामांनी गाडी कडेला घेतली. "वजा चाळीस?" ते त्या आकड्याला म्हणाले. "आरं, वजा चाळीस मी बघितलंय! लेहच्या वर डिझेल गोठतं, माणसाच्या मिशा गोठत्यात. आन् तू मला मिरजेत वजा चाळीस सांगतोस व्हय रं?"

"मामा, चला आता. मामींना त्रास होतोय."

"हे खोटं बोलतंय, भाच्या. खोटं बोलणाऱ्याला मी सोडत नसतो."

काचा उघड्या टाकून आम्ही निघालो. आत नुसत्या झळा. पेठ नाक्यावर मामींना उलटी झाली. मी पाण्याची बाटली धरून उभा होतो. मामा पलीकडच्या बाजूला बॉनेटवर हात ठेवून उभे होते.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती सुरू झाली आणि माझ्या सहनशक्तीची परीक्षाही. त्यांनी एसीचा गॅस तपासून घेतला. गॅस पुरेसा होता. "पुरेसा हाय म्हंजे कुठंतरी अडलाय," म्हणून नळ्या सोडवल्या, म्हणजे असलेला गॅसही गेला आणि पुन्हा भरावा लागला. मग दुकानात जाऊन "टेंपरेचरचा सेन्सर" मागितला. दुकानदाराने इंजिनाचा दिला, मामांनी तो इंजिनाला बसवला. आकडा वजा चाळीसच.

मी गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक काढलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की बाहेरची हवा मोजणारा सेन्सर वेगळा असतो आणि तो पुढच्या बंपरमागे, जाळीच्या आत असतो. बाहेर कडाक्याची थंडी आहे असं त्याने कळवलं की गाडी एसी सुरूच करत नाही. मी ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

"पुस्तक वाचून पोहायला शिकलास का तू?"

"मला पोहता येत नाही."

"मग?"

मी पुस्तक मिटलं. पुढचे दोन आठवडे मी रोज संध्याकाळी जायचो, तेच पान उघडायचो, आणि मामा रोज गाडीचा नवा निर्दोष भाग खोलून बसलेले असायचे. मिरजेची तारीख जवळ येत होती. मी भाड्याच्या गाडीचं सुचवलं, तर म्हणाले, "तुझ्या मामीला परक्याच्या गाडीत वांती झाली तर तिला लाज वाटंल." भाड्याच्या गाडीचा विषय मी तिथेच सोडला.

निघायच्या आधीचा शनिवार. मामी अंगणात खुर्चीवर बसून सुईदोऱ्यात लिंबू-मिरची ओवत होत्या. गाडीला बांधलेली ती दर शनिवारी बदलली जाई. "माझा काय इश्वास न्हाई," असं मामा प्रत्येक वेळी मला सांगत आणि वाकून बांधत. त्या दिवशीही वाकले, जाळीत बोटं घातली.

मामी म्हणाल्या, "आवं, ती खुंटी कशाची हाय पण?"

"कुठली खुंटी?"

"तुमी दर शनवारी जिला लिंबू बांधताय ती. लय हालतीया आज."

मामा तसेच वाकलेले राहिले. मग चटई आणून बंपरखाली आडवे झाले. थोड्या वेळाने हात बाहेर आला. त्यात अंगठ्याएवढा काळा प्लास्टिकचा तुकडा होता, पुस्तकात सांगितलेला तोच सेन्सर, आणि त्याच्या जोडावर हिरवट बुरशीसारखा थर. टोचलेलं लिंबू नेमकं त्या जोडावर टेकत होतं. रसाने आतले पितळी दात खाऊन टाकले होते. तारच तुटल्यासारखी झाल्यावर गाडी बिचारी वजा चाळीस दाखवणार नाही तर काय करणार. मी तो तुकडा नाकाजवळ नेला. खारट-आंबट वास आला.

"वरीसभर लोणचं घातलंय की वो तुमी त्याचं," मामी म्हणाल्या आणि हसू लागल्या. कितीतरी दिवसांनी हसत होत्या.

वरीसभर. म्हणजे गाठ निघाली तेव्हापासून. मी मामांकडे पाहिलं. ते तारा तपासायचा मीटर शोधण्यात फार गुंतलेले होते.

नवा सेन्सर आणला. बसवण्याआधी मामांनी मीटरच्या सुया लावून तो मुठीत धरला, मग गार पाण्याच्या पेल्यात धरला. काटा दोन्ही वेळा हलला. जुना हलत नव्हता. कुजलेला जोड कापून नवा लावला, तारा पिळून वर टेप गुंडाळली. चावी फिरवली. वजा चाळीस.

"बघ तुझं पुस्तक!"

"मामा, उभ्या गाडीत आकडा लगेच बदलत नाही. थोडं चालवावं लागतं, तेही लिहिलंय."

"का? जाग्यावर बरं व्हायला काय हुतंय त्याला?"

"आवं, एक चक्कर मारा की," म्हणत मामी मागे जाऊन बसल्यासुद्धा. पोवई नाक्याच्या चढावर आकडा हलला आणि चढत चढत एकोणचाळीसवर थांबला. समोरून गार वारा आला. मामींनी डोळे मिटले. "आता माणसासारखं बोललं," मामा म्हणाले. घरी येऊन त्यांनी लिंबू नंबरप्लेटला बांधलं.

त्यानंतर एक नवाच ताप सुरू झाला. त्या आकड्याचा मामांना इतका अभिमान की प्रत्येक गाव आलं की ते मोठ्याने सांगायचे. "सांगली, अडतीस." "पेठ नाका, सदतीस." "कराड, छत्तीस." मी पुस्तक वाचत असलो तरी, मामी झोपल्या असल्या तरी. एकदा मी वैतागून म्हणालो, "मामा, हवामान खात्यात नव्हता ना तुम्ही?" ते म्हणाले, "तू वाच." आणि पुढच्या गावाला पुन्हा आकडा.

मामींचे उपचार संपले. गाठ गेली. आणि थंडीत एका सकाळी, चहा मागून तो यायच्या आत, मामाच गेले.

आता तपासणीला मामींना मिरजेला मी नेतो. गाडी चालवायला शिकावंच लागलं. पहिल्या खेपेला परत येताना गाडीत फार शांत होतं. मामी डोळे मिटून आडव्या होत्या. ही शांतता मी कितीतरी महिने मागितली होती. कराडच्या अलीकडे मागून आवाज आला.

"आरं, आकडा सांगत न्हाईस?"

"तुम्ही झोपलाय असं वाटलं."

"डोळं उघडलं की मळमळायचं मला. मिटून पडलं की वाट सरंना. म्हनून ते मला एकेक गाव सांगायचे. आकडा आपला उगंच जोडीला."

समोर पूल दिसत होता. मी पडद्याकडे पाहिलं.

"कराड," मी म्हणालो. "एकतीस."