माळाच्या मालकालाच रिमूव्ह केलं

राग माझ्या नाकावरच असतो, हे आधीच सांगून टाकते. रांजणगावच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. पार्ट हातात घ्यायचा, उजेडात फिरवायचा, कड खडबडीत लागली की लाल पेटीत टाकायचा. इतकी वर्षं हेच केल्यावर माणूस घरी आला तरी त्याच नजरेनं बघतो. आमटीतलं मीठ, नवऱ्याच्या शर्टाचं बटण, शेजारणीची रांगोळी, मला कशातही खोट दिसतेच. आमच्या ग्रुपची ॲडमिन मला केलं ते याच गुणामुळं. पुढं घोटाळा झाला तोही याच गुणामुळं.

ग्रुप व्हॉट्सॲपवरचा, झाडाफुलांचा. दौंडच्या एका शाळेत भूगोल शिकवणाऱ्या सरांनी सुरू केलेला. कारेगावात खोल्या घेऊन राहणारी शिफ्टवाली मंडळी, शिरूरच्या दोन नर्सबाई, दुधाचा टेम्पो चालवणारे एक दादा, बिहारहून आलेला एक वेल्डर, अशी पाऊणशे माणसं. वर्षभर ग्रुप पेंगत असतो. माघ सरत आला की मात्र जागा होतो. कंपनीच्या बसच्या खिडकीतून कुणाला पहिला फुललेला पळस दिसतो, दौंडकडून कुणी रेल्वेलाइनीजवळचा पांगारा टाकतं, नर्सबाई दवाखान्यामागच्या करंजाची पोपटी पालवी टाकतात. वेल्डर दर दोन दिवसांनी कुठल्या तरी झाडाखाली उभा राहून 'मॅडम, ये कौन सा पेड़ है' विचारतो आणि निम्म्या वेळा ती बाभूळच असते. वसंत आला हे आमच्याकडं कॅलेंडर बघून कुणी ठरवत नाही, पाऊणशे माणसांच्या मोबाइलवर ठरतं. मला ते फार आवडतं.

नियम तीन, तिन्ही माझे. फोटो स्वतः काढलेला हवा, जागा लिहिलेली हवी. फॉरवर्ड नको. व्हॉइस नोट नको, कारण माणसं एकदा बोलायला लागली की थांबत नाहीत.

पण नुसत्या फोटोंवर आमचे सर समाधान मानणारे नव्हते. निमोण्याच्या पुढं एका गावाच्या शिवारात मोठा माळ आहे. दिसायला उघडाबोडका, कुसळी गवत आणि दगड. येणारा-जाणारा म्हणतो, इथं झाडं लावा की. पहिल्या वर्षी आम्हीही रोपं घेऊनच गेलो होतो, तेव्हा सरांनी आम्हाला खाली बसवून दाखवलं की या गवतातच चंडोल, धाविक, टिटव्या असे पक्षी जमिनीवर अंडी घालतात आणि सावली पडली की ते सगळे माळ सोडून जातात. रोपं आम्ही मुकाट्यानं शाळेला देऊन टाकली. तेव्हापासून रविवारी जाऊन आम्ही प्लास्टिक वेचतो, पसरत चाललेली वेडी बाभूळ तोडतो, आणि रस्त्याच्या कडेचं गवत खुरपून मोकळी पट्टी ठेवतो, म्हणजे कुणी विडी फेकली तर आग आत जाणार नाही.

अडचण एकच होती. माळ अर्धा गायरान आणि अर्धा एका शेतकऱ्याच्या मालकीचा. गाव त्यांना आप्पा म्हणतं. आप्पा दरवर्षी शिमगा झाला की आपला माळ पेटवून द्यायचे. जुनं गवत जळालं की पावसाळ्यात नवं जोमानं येतं, हा त्या भागातला रिवाज. त्यांचा अर्धा पेटला की उरलेला अर्धा काही थांबून राहत नाही. दरवर्षी नेमका अंड्यांच्या दिवसांत आमचा माळ काळाठिक्कर व्हायचा.

म्हणून यंदा सर आप्पांच्या घरी तीनदा चहाला जाऊन आले. तिसऱ्या चहाला आप्पा 'बघू' म्हणाले. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी तिथंच ओट्यावर बसून आप्पांना ग्रुपमध्ये घेतलं. आपण काय करतो ते दिसलं की त्यांचं मन वळेल, असा हिशेब. हिशेब चांगला होता. फक्त ते कोण आहेत हे आम्हाला कळवायचं सर विसरले.

तर ग्रुपमध्ये एक अनोळखी नंबर आला. नाव नाही, फोटोच्या जागी गुलाब. दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला शुभ सकाळ सुरू. ट्यूलिपच्या बागेवर शुभ सकाळ, बर्फाच्या डोंगरावर शुभ सकाळ, गुलाबी झाडाखाली बसलेल्या गोऱ्या बाळावर शुभ सकाळ. आमचा बिचारा पळस त्या ढिगाखाली सापडेना. मी दोनदा नियम लिहून पाठवला. दोन्ही वेळा उलट टपाली हात जोडलेले आले आणि दुसऱ्या दिवशी बाळं वाढली.

होळीनंतरच्या गुरुवारी माझी पहिली शिफ्ट होती. गेटवर रांगेत उभी होते, आणि हातातला मोबाइल थरथरायला लागला. त्याच नंबरवरून एक बाग, दुसरी बाग, एक देव, आणखी कसला तरी फोटो, आणि वर व्हॉइस नोट. माझं डोकं फिरलं. काही उघडलं नाही, काही ऐकलं नाही. सगळं सिलेक्ट केलं, सगळ्यांकडचं डिलीट केलं आणि नंबर रिमूव्ह केला. मोबाइल लॉकरमध्ये टाकून हलक्या मनानं लाइनीवर गेले. जेवणाच्या सुट्टीत बघते तर सरांचे अकरा कॉल.

सर ओरडले नाहीत, ते ओरडत नाहीतच. एवढंच म्हणाले, "ताई, ते माळाचे मालक होते."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. सरांनी पुढं सांगितलं ते आणखी वाईट. आप्पांनी सकाळीच चहाच्या हॉटेलात चार माणसांसमोर जाहीर केलं होतं की आपल्याला शाळा शिकलेल्यांनी भायेर काढलं, आता येत्या रविवारी आपण माळावर जाळ करणार, कुणाला अडवायचं असेल त्यानं यावं. मी त्यांना लगेच परत ग्रुपमध्ये घेतलं. दोन मिनिटांत ते स्वतः बाहेर पडले. पुन्हा घेतलं, पुन्हा गेले. ग्रुपवर जो तो मला बोलायला लागला. कुणी म्हणालं, वनखात्याला अर्ज करू. मी म्हटलं, अर्ज गेला तर ते रविवारचीही वाट बघणार नाहीत. घाण मी केली होती, निस्तरायचीही मीच. नवऱ्याला सांगितलं तर तो हसायलाच लागला. तू आणि माफी मागणार, म्हणाला. पण शनिवारी सकाळी स्कूटीत पेट्रोल भरून ठेवलं होतं त्यानं.

शनिवारी तीनला शिफ्ट सुटली तशी निघाले. आप्पा माळावरच भेटले, बांधावर बसून दोरखंडाला पीळ घालत होते. सत्तरीचे असतील. मी कोण ते सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"आता कशाला आलात बाई? आमाला वाळीत टाकून झालं न्हवं का?"

मी सबंध रस्ताभर घोकत आलेली वाक्यं त्या एका शब्दानं पुसली गेली. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांच्या गावात एका उन्हाळ्यात आमच्या वस्तीला वाळीत टाकलं होतं. विहीर बंद, दुकानात मीठसुद्धा मिळेना. वडील तेव्हा लहान होते, पण ते सांगताना आजही त्यांचा आवाज बसतो. आणि इथं शुभ सकाळ बंद झाली म्हणून हा माणूस तो शब्द वापरत होता. माफी राहिली बाजूला, मी तिथंच उभी राहून त्यांना सुनावलं की आप्पा, तो शब्द माझ्यापुढं काढू नका, आमच्या घरानं तो सोसलाय. मीठ मिळत नव्हतं तेही सांगितलं.

आप्पांचे हात थांबले. मग हळूच म्हणाले, "तसं आसंल तर तुला जास्त कळाय पायजे व्हतं, पोरी. एक शब्द न ऐकता मानसाला भायेर काढलं की कसं वाटतं."

मला लाज वाटली. दोन्ही गोष्टी एकसारख्या नाहीत, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही आता कळलं होतं. पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि एक फोटो दाखवला. हललेला, अर्ध्यात त्यांचा अंगठा आलेला. दगडांमध्ये मातीच्या रंगाची, काळ्या ठिपक्यांची चार अंडी. टिटवीची. गुरुवारी पहाटे त्यांनी हा फोटो स्वतः काढला होता, बांधावर उभं राहून, आणि ग्रुपवर टाकला होता. फॉरवर्ड नसलेला त्यांचा तो पहिलाच फोटो. लिहिता-वाचता येत नाही म्हणून जागा व्हॉइस नोटमध्ये तोंडानं सांगितली होती. मी लाल पेटीत टाकलेल्या ढिगात तो होता.

मी विचारलं, त्या व्हॉइस नोटमध्ये काय बोलला होतात.

"काय बोलनार. नांगरताना टिटवीची अंडी दिसली की आमी औत वळवून घेतो, आमच्या आज्यापास्नं. पन जाळ कसा वळवायचा, एवढंच इचारलं व्हतं."

माझे डोळे भरून आले, ते लपवायला मी उगाच स्कूटीकडं बघितलं. तीन चहा पिऊन सरांना जे जमलं नव्हतं ते झालेलंच होतं. आप्पांना माळ पेटवायचा नव्हता. त्यांना फक्त कुणीतरी रस्ता सांगायला हवा होता, आणि मी दार लावून घेतलं होतं.

आता पेच वेगळाच होता. गावासमोर शब्द गेला होता. रविवारी जाळ नाही झाला तर हॉटेलात बसणारे आयुष्यभर चिडवतील, हे आप्पा मला समजावून सांगत होते आणि मला ते पटतही होतं. मी म्हटलं, आप्पा, तुम्ही नेमकं काय म्हणालात, माळ जाळणार की माळावर जाळ करणार. त्यांनी जरा आठवून सांगितलं, माळावर जाळ करणार. महिन्याभरापूर्वी आम्ही तोडलेली वेडी बाभूळ गायरानाच्या कडेला वाळून पडली होती. ती सगळी रस्त्यालगतच्या उघड्या खडकावर रचायची, भोवती पट्टी खुरपायची, आणि तो ढीग पेटवायचा. जाळही होईल, माळही राहील. आप्पांनी डोळे बारीक करून खडकाचं अंतर मोजलं. जाळ गावातनं दिसला पाहिजे, म्हणाले. दिसेल म्हटलं.

मी स्कूटी चालू केली तेव्हा ते मागून बोलले, "मला भायेर काढलं ते समद्यांच्या म्होरं." एवढंच.

रविवारी सकाळी सहाला तीसेक माणसं आली. इतकी आमच्या कुठल्याच रविवारी येत नाहीत. तिसरी शिफ्ट सुटल्यावर मागाहून आलेले चौघे डोळे चोळत खुरपत होते. वेल्डर बाभळीच्या काट्यांना हिंदीतून शिव्या घालत ओढत होता. टेम्पोवाल्या दादांनी पाण्याचे चार कॅन आणले. अंड्यांपासून लांब राहायचं म्हणून सरांनी दोरी बांधली होती, तरी टिटवी आमच्या डोक्यावरून ओरडत घिरट्या घालतच होती. आप्पा सगळ्यांवर खेकसत फिरत होते, ढीग इकडं नको तिकडं, वारा कुठून आहे ते बघा, शाळंत हे शिकवत न्हाईत का. ते बघून मला फार बरं वाटलं. माझ्यासारखंच माणूस होतं ते.

आठ वाजेपर्यंत ढीग डोक्याच्या वर गेला. गावातलीही पंधरा-वीस माणसं येऊन उभी राहिली, हॉटेलातले चौघे सगळ्यांत पुढं. सरांनी आम्हाला मागं घेतलं. वारा पडला होता. टिटवी ओरडून दमली आणि दोरीपलीकडं जाऊन अंड्यांवर बसली.

मी पुढं झाले. कारखान्यात मी शंभर माणसांसमोर दुसऱ्याच्या चुका वाचून दाखवते, पण स्वतःची चूक कधी वाचलेली नव्हती. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आप्पांनी टिटवीच्या अंड्यांचं विचारलं होतं. मी न ऐकताच त्यांना बाहेर काढलं. चूक माझी आहे."

हॉटेलातल्या एकानं टोपी सारखी केली. आप्पा माझ्याकडं न बघता ढिगापाशी गेले, वाकून खाली वाळलं गवत सारलं, आणि बंडीच्या खिशातून काडेपेटी काढली. आता पेटवणार, असं वाटलं तेवढ्यात ते वळले आणि ती पेटी त्यांनी माझ्यापुढं धरली.

त्या माळावर त्यांच्या घराबाहेरच्या कुणी कधी काडी ओढलेली नव्हती, हे मला सरांनी नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच कळलं की ती पेटी घ्यायला माझा हात पुढं होत नव्हता.

"धर," आप्पा म्हणाले. "घरचंच हाय."

पहिली काडी मोडली. दुसरी पेटली. बाभूळ तडतडत धडाडून वर गेली, गावातून काय, पार निमोण्यातून दिसली असेल. पोरं टाळ्या वाजवायला लागली तसं आप्पांनी हातानंच सगळ्यांना गप्प केलं आणि दोरीपलीकडं बोट दाखवलं. एवढा जाळ झाला होता, पण टिटवी अंड्यांवरून उठली नव्हती.